पाहुणीच्या डोळ्यांनी पाहिलेले आपले गाव

वाचकहो, पाहुणा येणार म्हटले की आपल्या घरात काय धांदल उडते, ते मी तुम्हाला सांगायला नको. अंगण झाडायचे, अंथरूण-पांघरूण उन्हात टाकायचे, फुटका कप मागे लपवायचा आणि न फुटलेला पुढे ठेवायचा. पण पाहुणा सातासमुद्रापलीकडचा असेल, तर काय काय लपवायचे? गेल्या आषाढात आमच्यावर तीच पाळी आली.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या खोऱ्यात. माझा पुतण्या हॉलंड देशात शेतीच्या शिक्षणाला आहे. त्याचा फोन आला, "काका, सुट्टीला येतोय. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई बरोबर आहेत. शेतकऱ्याच्याच घरच्या आहेत. आठ दिवस आपल्याकडे राहतील."

झाले! मी कामाला लागलो. पुढच्या खोलीला रंग दिला. आईची चूल मागच्या पडवीत हलवली आणि गॅसची शेगडी पुसून पुढे मांडली. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या काढायला लावल्या. आईची जुनी घोंगडी माळ्यावर टाकली. तालुक्याला जाऊन चमचे, पाण्याच्या बाटल्या आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आई हे सगळे बघत होती. शेवटी म्हणाली, "आरं, पावणी यायचीय का तपासणी?"

गोठ्यातली ओळख

पाहुणी आली ती भर पावसात. वय पस्तिशीच्या आसपास, उंच हाडापेराची, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिचे नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून आईने पहिल्या तासातच तिला 'पोरी' म्हणायला सुरुवात केली आणि आठ दिवस तेच नाव चालले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आमच्यापेक्षा त्या दोघीच जास्त बोलल्या.

रंग दिलेली खोली तिने एकदा बघितली, 'छान' म्हणाली आणि सरळ गोठ्यात गेली. तिथे आमची काळी-पांढरी होल्स्टीन गाय उभी होती. तिला बघून पाहुणी एकदम थांबली, जवळ जाऊन मानेवर हात ठेवला आणि पुतण्याला काहीतरी म्हणाली. पुतण्या हसून सांगू लागला, "काका, त्या म्हणतात, ही तर आमच्या माहेरची!"

आणि ते खरेच आहे. आपण जिला होल्स्टीन फ्रिजियन म्हणतो, त्या गाईचे मूळ हॉलंडचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला जर्मनीचा मुलूख हेच. तिथला फ्रिजलँड म्हणून जो प्रांत आहे, त्यावरून 'फ्रिजियन' हे नाव पडले. आपण इतकी वर्षे तिचे दूध डेअरीला घालतो, पण ती कुठल्या गावची लेक, हे आपल्या कधी मनात येत नाही.

मग पाहुणीने वर पत्र्याकडे बघितले आणि विचारले, "उन्हाळ्यात ही इथेच उभी असते का? पाणी दिवसातून किती वेळा दाखवता?" मी सांगितले, दोन वेळा. ती म्हणाली, "हिला थंडी चालते, ऊन सोसत नाही. पत्र्यावर गवत-पाचट टाका आणि पाणी तोंडासमोर चोवीस तास ठेवा. तहान लागेल तेव्हा तिला मागता येत नाही." पशुवैद्यकाने हेच मला दोनदा सांगितले होते. पण घरच्या माणसाचे ऐकायचे नाही आणि पाहुण्याचे ऐकायचे, ही आपली जुनी खोड. आता गोठ्यात सिमेंटची कुंडी बांधली आहे.

रात्री आईने मागच्या पडवीत, मी लपवलेल्या त्याच चुलीवर, बाजरीची भाकरी थापली. पाहुणी चुलीशेजारी पाटावर जाऊन बसली ती उठेचना. आणलेली खुर्ची आठ दिवस मांजराने वापरली. माळ्यावरची घोंगडी आईने स्वतःच खाली काढली आणि पाहुणीच्या अंगावर टाकली. जाड लोकर हाताने चाचपत पाहुणी म्हणाली, "हे पावसातही ऊब देत असेल." मी काही बोललो नाही. जे मी लपवले, तेच तिने डोक्यावर घेतले होते.

जुने पाहुणे

आपल्याकडे येऊन आपल्याला न्याहाळणारी ही काही पहिली पाहुणी नव्हे. आमच्या जुन्नरला तर ही परंपराच आहे.

जुन्नरच्या आसपास डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. तिथल्या काही शिलालेखांत दान देणाऱ्यांना 'यवन' म्हटले आहे. त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांना यवन म्हणत. त्यांतल्या एकाचे दान काय? पाण्याची दोन टाकी! दुसऱ्याने जेवणघर करून दिले. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी कोण कुठला परका माणूस आपल्या डोंगरात आला आणि आपल्या माणसांसाठी पाण्याची सोय करून गेला.

सातव्या शतकात, इसवी सन ६४१ च्या सुमारास, चीनचा यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. तेव्हा चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथली जमीन सुपीक आहे, माणसे साधी पण मानी आहेत. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. मात्र सूड घ्यायचा झाला तरी आधी शत्रूला सूचना देतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत. आजही बांधावरच्या भांडणात ह्यातले अर्धे खरे ठरते. अर्धे खरे राहिले आहे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते बघावे.

आणि मग पंधराव्या शतकात, १४७० च्या सुमारास, आला रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन. समुद्रमार्गे तो चौलला उतरला. विकण्यासाठी बरोबर एक घोडा आणला होता. तिथून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथेच अडकला. तेव्हा बहामनी राजवट होती. त्याने लिहिले आहे की चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल आणि ह्याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना इथे कडधान्य चारतात, ह्याचे त्याला नवल वाटले. बायका डोके उघडे ठेवून, केसांची वेणी घालून हिंडतात, ह्याचेही नवल वाटले. आणि आपण गोरे म्हणून लोक आपल्या मागे मागे फिरतात, असेही त्याने नोंदले आहे.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, असे बजावले. चार दिवसांची मुदत दिली. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्ये पडून त्याला सोडवले आणि घोडाही परत मिळवून दिला. पुढे तो बिदरला गेला, मुलूखभर फिरला आणि मायदेशी परतताना घर गाठण्याआधीच वाटेत वारला. त्याची वही मात्र राहिली. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याच्यावर १९५७ साली 'परदेशी' नावाचा चित्रपटही निघाला. त्यात बलराज सहानी आणि नर्गिस होते. तुमच्यापैकी थोरांना तो आठवत असेल.

बघा, आपल्या राजांनी लढाया आणि दाने लिहून ठेवली. पण पावसात पेरणी होते, घोड्याला कडधान्य चारतात, बायका वेणी घालतात, हे कुणी लिहिले? परक्याने. कारण आपल्याला ते रोजचे होते. रोजचे आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

नाणेघाटात

चौथ्या दिवशी आम्ही तिला नाणेघाटात घेऊन गेलो. जुन्नरहून तासा-सव्वातासाचा रस्ता. वाटेत आदिवासी बांधवांच्या वाड्या लागल्या. खाचरांत भाताची आवणी चालली होती. इरली-घोंगड्या घेतलेल्या बायका ओळीने वाकून रोपे लावत होत्या. पाहुणीने गाडी थांबवायला लावली, बूट काढले आणि खाचरात उतरली. बायका आधी लाजल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग एकीने तिच्या हातात रोपांची मूठ दिली. अर्ध्या तासात तिची कंबर धरली. वर येऊन म्हणाली, "ह्या बायका दिवसभर हे करतात? आणि मग घरी जाऊन स्वयंपाक?" पुतण्या म्हणाला, "हो." ती पुढे बोलली नाही.

मी दुसऱ्याच विचारात होतो. आमच्या माणसांच्या अंगावरच्या चिखलाचे फोटो हिच्या देशात जाणार, म्हणून मला कसेसे होत होते. तसे मी पुतण्याला हळूच म्हणालोही. त्याने ते तिला सांगितले. तिने लगेच यंत्र खिशात ठेवले आणि त्या बायकांना विचारून, त्यांना दाखवून, मगच एक फोटो ठेवला, बाकीचे पुसले. पाहुण्यालाही रीत शिकवावी लागते आणि चांगला पाहुणा ती शिकतो.

नाणेघाट म्हणजे कोकणातून देशावर यायची सातवाहनांच्या काळची वाट. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर उडते. ते बघायला पुण्या-मुंबईची तोबा गर्दी होते. गर्दी जाते आणि बाटल्या, पुड्या मागे राहतात. पाहुणीने विचारले, "हे कुणाचे?" मी म्हणालो, "शहरातून येणाऱ्यांचे." तिने गप्पपणे दोन बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या. आमच्या गावच्या ओढ्यात जे आहे ते शहरातून आलेले नाही, हे माझ्या मनाने मला तिथेच सांगितले.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत भिंतीभर लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांहून जुना. सातवाहन राणी नागनिका हिचा तो लेख. कोणकोणते यज्ञ केले, किती हजार गाई, किती घोडे, किती हत्ती, किती नाणी दान दिली, ह्याचा पुरा हिशेब त्यात आहे. हिशेबाचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतातल्या अगदी जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता उरल्या नाहीत, वर कोरलेली नावे उरली. त्यांत राजाबरोबर राणीचेही नाव आहे.

पुतण्याने हे सगळे सांगितल्यावर पाहुणी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मला वाटले, आता आमच्या इतिहासाची स्तुती करील. मी छातीही जरा पुढे काढली होती. ती वळून म्हणाली, "दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्याकडे बाईचे नाव दगडावर लिहीत होते. तुमच्या शेताच्या कागदावर काकूंचे नाव आहे का?"

कागदावरचे नाव

वाचकहो, मी तुमच्यापासून लपवत नाही. त्या वेळी मला राग आला. कोण कुठली बाई, आठ दिवसांची पाहुणी, आमच्या सातबाऱ्यात हिचे काय काम? मी "घरी बोलू" म्हणून विषय मोडला.

घरी आल्यावर ताटे वाढली. पुरुषांची पाने पहिली, ही आमच्याकडची रीत. तीन दिवस पाहुणी आमच्याबरोबर जेवली होती. त्या रात्री ती बसेना. म्हणाली, "मी आजी आणि काकूंबरोबर बसते." माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, आम्हाला सवय आहे." पुतण्याने सांगितले. पाहुणी म्हणाली, "सवय मलाही होती."

आणि मग तिने आपल्या घरची हकीकत सांगितली. तिच्या वडिलांचे सत्तर-ऐंशी गाईंचे शेत. लहानपणापासून ती पहाटे उठून धारा काढायची. धाकट्या भावाला गाईंची आवडही नव्हती. पण वडील थकले तेव्हा शेत भावालाच मिळाले. तिला वाटणीचे पैसे मिळाले, गाय एकही नाही. ती म्हणाली, "आमच्या देशात १९५६ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून स्वतःचा व्यवहार करण्याचा हक्कच कायद्याने नव्हता. माझ्या आजीने ते दिवस काढले. कायदा बदलला, पण शेत मुलालाच द्यायचे, ही रीत आमच्या घरात माझ्यापर्यंत टिकली. म्हणून मी कुठेही गेले की हा प्रश्न विचारते. तुम्हाला खाली बघायला लावावे म्हणून नाही."

चुलीतला जाळ तेवढा बोलत होता. मग आई बोलली. तिला कुणी विचारले नव्हते.

"माजं नाव हुतं की," ती म्हणाली. "ह्येचे वडील गेल्यावर तलाठ्यानं लावलं हुतं. माजं, ह्येचं आन्‌ दोनी लेकींचं. दीड वरीस हुतं. मग आंगठा लावून काढलं."

खरे होते ते. वडील गेल्यावर वारसनोंद झाली. मग मीच सगळ्यांना गाडीत घालून तालुक्याला नेले. हक्कसोडपत्र केले. दोघी बहिणींनी सह्या केल्या, आईने अंगठा लावला. येताना हॉटेलात सगळ्यांना भजी-चहा दिला. माझ्या मनात पाप नव्हते. 'असेच करतात' एवढेच मनात होते. त्या दिवशी आई गाडीत काय विचार करत होती, हे मी कधी विचारले नाही.

मी बायकोकडे पाहिले. बत्तीस वर्षे झाली लग्नाला. कांद्याची लागण, टोमॅटोची बांधणी, गाईच्या धारा, सगळ्यात तिचा हात. मी म्हणालो, "तुला कधी वाटलं का गं, नाव पाहिजे म्हणून?" ती म्हणाली, "रेशनकार्डावर आहे की." आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली. तिने 'नको' म्हटले नाही, हे माझ्या लक्षात आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाहुणी गेल्यावर

निघताना पाहुणीने आईच्या पायांना हात लावला. तिला ते कुणी शिकवले नव्हते, बघून बघून आले. आईने तिची ओटी भरली आणि घोंगडीही देऊन टाकली. मी माळ्यावर लपवलेली घोंगडी आता हॉलंडला आहे.

श्रावणात मी तलाठी कार्यालयात गेलो. तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, की १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून द्यावी, असे ते सांगणे होते आणि पुष्कळांनी ते केलेही. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. तिच्यात नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते. इतक्या वर्षांत ह्या गोष्टी माझ्या कानांवरून गेल्या नव्हत्या असे नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसे झाले. घरचे शहाणपण हॉलंडहून फिरून आले तेव्हा पटले.

तलाठी भाऊसाहेबांनी विचारले, "काही अडचण आहे का घरात? कर्ज वगैरे?" मी म्हणालो, "अडचण नाही. उशीर झालाय." अर्ज दिला, नोटीस निघाली, फेरफार मंजूर झाला.

नवा उतारा घरी आणला, तेव्हा बायकोने हात धुतले, पदराला पुसले आणि मग कागद हातात घेतला. तिला वाचता येते. तिने स्वतःचे नाव वाचले, घडी घातली आणि पेटीत लुगड्याखाली ठेवला. बोलली काही नाही. संध्याकाळी मात्र तिने पाच पाने एकदम वाढली आणि स्वतःही बसली.

बहिणींचे काय, हा प्रश्न अजून उरला आहे. २००५ च्या कायद्याने लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला आहे, हे मला माहीत आहे. मी त्यांच्या सह्या घेतल्या तेही मला माहीत आहे. येत्या भाऊबिजेला दोघींना बसवून विचारणार आहे. त्या 'राहू दे दादा' म्हणतील. पण आता मला ठाऊक आहे की 'राहू दे' हे 'नको' नव्हे. तेव्हा काय करायचे, ते मी आणि बायको मिळून ठरवतो आहोत.

वाचकहो, परक्याचे सगळे खरे आणि आपले सगळे खोटे, असे मी म्हणत नाही. त्यांच्याही घरात आपल्यासारखाच अंधार कुठे कुठे आहे, हे पाहुणीने स्वतःच सांगितले. पण दिव्याखालचा अंधार दिव्याला दिसत नाही, दुसरा दिवा जवळ आणावा लागतो. तुमच्याकडे परदेशचा पाहुणा येईलच असे नाही. मग एक दिवस असे करा. सकाळी गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत जा आणि आपण पाहुणे आहोत असे समजून घराकडे चालत या. ओढा बघा, गोठा बघा, चूल बघा. कोण कधी जेवते ते बघा. कपाटातला उतारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती वाचा. जे लपवावेसे वाटते, त्यातले किती खरोखर लाजेचे आहे आणि जे मिरवावेसे वाटते, त्यातले किती मिरवण्याजोगे आहे, हे आपोआप कळेल.

आईला मी नवा उतारा दाखवला होता. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "सुनंचं नाव कुठं हाय त्यात?" मी बोट ठेवून दाखवले. तिने त्या जागेवर आपले बोट ठेवले आणि बराच वेळ ते तिथून उचलले नाही.